सरपंचाच्या ओट्यावरचं संशोधन

परभणी जिल्ह्यात गटचर्चेच्या नावाखाली जे चाललं आहे, त्याला संशोधन म्हणणं थांबवलं पाहिजे. ‘एफजीडी’ (फोकस ग्रुप डिस्कशन, म्हणजे गटचर्चा) हा शब्द आता गंगाखेडपासून जिंतूरपर्यंत आशाताईंना, कृषी सहायकांना, बचत गटाच्या सीआरपींना पाठ झाला आहे. आदल्या दिवशी फोन येतो, ‘उद्या अकराला दहा-बारा बाया बसवून ठेवा, एफजीडी लावायचीय.’ बाया बसवल्या जातात. पाहुणे येतात, सतरंजीवर गोल करून बसतात, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू होतं, तासाभरात फोटो निघतो आणि गाडी परभणीच्या रस्त्याला लागते. मग कधीतरी एखादा अहवाल किंवा प्रबंध तयार होतो आणि त्यात वाक्य येतं, ‘समुदायाचे मत असे आहे.’ समुदायाचं ते मत नसतं. सतरंजीवरच्या दोघातिघांचं असतं, आणि बऱ्याचदा त्या दोघातिघांचंही ते खरं मत नसतं.

मी हे बाहेरून बघून म्हणत नाही. याच जिल्ह्यात अशा बैठकांत मी वर्षानुवर्षं बसले आहे. कधी प्रश्न विचारायला, पण बहुतेक वेळा वही घेऊन, कोपऱ्यात, टिपणं काढायला. कोपऱ्यातून तोंडं नीट दिसतात. कोण बोलायला तोंड उघडतं आणि कुणाकडे बघून मिटतं, ते दिसतं. माझ्या वहीत ते सगळं असायचं. छापून आलेल्या अहवालात त्यातली एक ओळही नसायची.

ही पद्धत राबवणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी तिचा जन्म कसा झाला ते वाचलेलं असतं. १९४१ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये समाजशास्त्रज्ञ पॉल लाझार्सफेल्ड रेडिओच्या कार्यक्रमांवर श्रोत्यांच्या प्रतिक्रिया तपासत होते. श्रोत्यांना स्टुडिओत बसवायचं. ऐकताना आवडलं तर हिरवं बटण दाबायचं, नाही आवडलं तर लाल. कार्यक्रम संपल्यावर त्यांना विचारायचं, अमुक जागी लाल का दाबलंत? त्या दिवशी जेवायला बोलावलेल्या रॉबर्ट मर्टन या सहकारी समाजशास्त्रज्ञांना लाझार्सफेल्ड थेट स्टुडिओतच घेऊन गेले. मुलाखत घेणारा नकळत उत्तरं सुचवतो आहे, हे मर्टन यांना तिथंच खटकलं. त्यातून पद्धत घडत गेली. युद्धकाळात सैनिकांना दाखवायच्या चित्रपटांवर ती वापरली गेली, १९४६ मध्ये मर्टन यांनी पॅट्रिशिया केंडल यांच्यासोबत तिच्यावर लेख लिहिला आणि १९५६ मध्ये पुस्तक आलं. अटी कडक होत्या. समोरच्या सगळ्यांनी एकच ठरावीक गोष्ट पाहिलेली किंवा ऐकलेली असली पाहिजे. संशोधकानं ती आधी स्वतः बारकाईनं तपासून आपले अंदाज बांधलेले असले पाहिजेत. आणि गटातून हाती येतं ते गृहीतक. ते किती लोकांना लागू पडतं हे वेगळी मोजणी करूनच ठरवायचं. बाजार-सर्वेक्षणवाल्यांनी पद्धत उचलली आणि मोजणी टाकून दिली, ही तक्रार मर्टन यांनी १९८७ मध्ये पुन्हा लेख लिहून केली.

आता आपल्याकडचा पहिला प्रश्न बघा. ‘तुमच्या गावात काय काय समस्या आहेत?’ एवढाच. कुठल्या एका गोष्टीवर बोलायचं आहे, ती संशोधकानं पाहिली आहे का, शिवारात पाऊल टाकलं आहे का, कशाचाच पत्ता नाही. अशा प्रश्नाला गाव ठरलेली यादी देतं: रस्ता, पाणी, लाइट, भाव. ती यादी देण्याचा गावाला सराव आहे. परभणीत कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे. त्याचे विद्यार्थी कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून दरवर्षी गावात येतात. २०१८ पासून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पाच्या गावांत सूक्ष्म नियोजनाच्या बैठका झाल्या. त्याशिवाय स्वयंसेवी संस्था, विमा कंपन्या, नांदेडच्या विद्यापीठात पीएच.डी. करणारी मुलं. या जिल्ह्याला प्रश्न विचारणाऱ्यांचा दुष्काळ कधीच पडला नाही. आलेला माणूस काय घेऊन जाणार आणि काय देऊन जाण्याची शक्यता आहे, याचा अंदाज गाव त्याची गाडी बघूनच बांधतं आणि तशी उत्तरं देतं. यात गावाचा काही दोष नाही. दोष आहे तो त्या उत्तराला शोध समजणाऱ्याचा.

पण माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. न्यूयॉर्कच्या त्या स्टुडिओतली माणसं एकमेकांना अनोळखी होती. बोलून झालं की आपापल्या घरी जायची, पुन्हा कधी भेटायची नाहीत. आपल्या गावातल्या सतरंजीवर बसलेल्यांना उद्या सकाळी एकाच बांधावरून जायचं असतं. एकाची मोटार दुसऱ्याच्या विहिरीवर आहे. एकीची लेक दुसरीच्या दिरानं नांदवायची की नाही, हे प्रकरण मिटायचं आहे. तिसरा चौथ्याचं रान बटईनं करतो. पाचव्याचं कृषी सेवा केंद्र आहे आणि बाकीच्या सगळ्यांची उधारी त्याच्या वहीत आहे. हे सगळे सरपंचाच्या ओट्यावर सरपंचादेखत बसले आहेत, आणि बाहेरून आलेला माणूस विचारतो, ‘पेरणीला पैसे कुठून उभे करता?’ उत्तर येतं, ‘बँकेकडून.’ टिपण घेणारी लिहून घेते, बँकेकडून. कृषी सेवा केंद्रवाला मान डोलावतो.

सुरुवातीला एक कागद वाचून दाखवतात: ‘आपण दिलेली माहिती गुप्त ठेवली जाईल.’ या वाक्याचा मला संताप येतो. संशोधक फार तर स्वतःच्या तोंडाची हमी देऊ शकतो. उरलेल्या अकरा जणांच्या तोंडाची हमी त्याला कुणी दिली? बैठकीतली बाई सासूदेखत, जावेदेखत, मुकादमाच्या भावजयीदेखत जे बोलेल ते संध्याकाळपर्यंत वाडीभर होणार, हे तिला ठाऊक आहे आणि न पाळता येणारं वचन देणाऱ्यालाही ठाऊक असायला हवं. तिचा अंगठा घेतला की संशोधकाच्या लेखी नीतिमत्ता पूर्ण होते.

गटाचा दबाव काय करतो ते बघा. मानसशास्त्रज्ञ सॉलोमन अ‍ॅश यांनी १९५१ मध्ये प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना साध्या रेघांची लांबी विचारली. भोवतालचे सगळे ठरवून चूक उत्तर देत होते. साधारण एक तृतीयांश वेळा माणसं डोळ्यांना दिसत असलेलं खरं सोडून गटाच्या चुकीबरोबर गेली. तिथं कुणाची उधारी नव्हती, कुणाच्या जमिनीचा प्रश्न नव्हता, जात आड येत नव्हती. फक्त कागदावरची रेघ होती.

आता शेतकरी आत्महत्येच्या विषयाकडे येते, कारण तिथं हा प्रकार निव्वळ निष्काळजीपणाच्या पलीकडे जातो. मृताच्या कुटुंबाला राज्य सरकार एक लाख रुपयांची मदत देतं. त्याआधी जिल्ह्याची समिती प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरवते. निकष गावाला तोंडपाठ आहेत: नापिकी, बँकेचं किंवा परवानाधारक सावकाराचं कर्ज, वसुलीचा तगादा. जमीन कुटुंबाच्या नावावर हवी. म्हणजे ठोक्यानं किंवा बटईनं करणारा माणूस गेला, तर तो कागदावर शेतकरीच नाही. बिनपरवाना सावकारानं दारात येऊन शिव्या दिल्या असतील तर ते कर्ज मोजलं जात नाही. अशा गावात तुम्ही पंधरा माणसं गोळा करून विचारता, ‘त्यानं असं का केलं?’ गाव एका सुरात सांगतं: नापिकी, कर्ज, तगादा. गाव त्या विधवेच्या बाजूनं उभं राहिलेलं असतं. तिचे पैसे अडू नयेत म्हणून प्रत्येक जण तोलून बोलत असतो. भावकीतला वाटणीचा वाद, दारू, लेकीच्या लग्नाचं देणं, हंड्यासाठी रोज होणारं भांडण, यातलं काही तिथं निघत नाही, आणि ज्यानं दारात शिव्या दिल्या तोही बैठकीत मांडी घालून बसलेला असू शकतो. त्या उत्तराला संशोधक ‘आत्महत्येची कारणमीमांसा’ असं शीर्षक देऊन तक्ता करतो. सरकारी निकषांचीच ती नक्कल असते, आणि पुढं तोच तक्ता निकष बरोबर असल्याचा पुरावा म्हणून दाखवला जातो. गेलेल्या माणसाविषयी आपल्याला काहीही कळलेलं नसतं.

दुसरा विषय पिशवीचा. सोनपेठ, गंगाखेड, पालमकडून दरवर्षी ऊसतोडीला कोयते जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून उचल, आणि कामावर गेलं नाही की खाडा. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भपिशव्या काढण्याचं प्रकरण गाजलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तपासणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. हा आकडा घरोघर विचारून निघाला. सतरंजीवर गोल करून बसवलं असतं तर निघाला नसता, कारण अशा बैठका मी ऐकल्या आहेत. ‘महिलांचे आरोग्य’ असा विषय काढला की सगळ्या जणी रक्त कमी आहे, कंबर दुखते, गोळ्या मिळत नाहीत, एवढ्यावर थांबतात. बैठक मोडल्यावर घराकडे चालताना एक जण हळूच म्हणाली, ‘ताई, तिथं कसं बोलावं? मुकादमाची भावजय शेजारीच बसली व्हती. पिशवी काढलेली कळली की म्हणत्यात, हिच्या अंगात आता जोर न्हाई, हिला उचल कमी द्या.’ हे वाक्य मी टिपणात लिहिलं. अहवाल करणाऱ्या संस्थेनं ते गाळलं. कारण सांगितलं गेलं की ते ‘चर्चा संपल्यानंतरचं’ आहे.

ज्यांना खरंच ऐकायचं होतं त्यांनी काय केलं, ते याच महाराष्ट्रात घडलेलं आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० स्त्रियांचा अभ्यास केला. तो १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. स्त्रीरोगाची तक्रार सांगितली होती ५५ टक्के स्त्रियांनी. प्रत्यक्ष तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना आजार निघाला. त्याआधी तपासणी आणि उपचार झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. सांगितलेलं आणि असलेलं यांच्यातलं हे अंतर, तेही गावात राहून विश्वास कमावलेल्या डॉक्टर बाईसमोर. मग अनोळखी माणसानं एका तासात, बारा जणींच्या घोळक्यात मिळवलेल्या उत्तरावर विसंबून धोरण कसं आखायचं?

शेतीतही तेच. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं मराठवाड्यातला कापूस खाल्ला. तेव्हापासून सल्ला एकच आहे: डिसेंबरात कापूस उपटा, फरदड (त्याच झाडांचं पुढचं पीक) घेऊ नका. बैठकीत विचारा, फरदड घेता का? ‘न्हाई न्हाई, आता कोण घेतंय.’ जानेवारीत त्याच गावाच्या शिवारात फिरा. पऱ्हाटी उभी दिसते. माणसं खोटारडी आहेत असं नाही. शेवटच्या दोन वेचण्यांचा पैसा उन्हाळ्यात घर चालवतो, आणि कृषी सहायकादेखत तसं म्हणता येत नाही. बांधावर एकट्याला गाठून विचारलं की तोच शेतकरी सगळा हिशेब मांडतो. पण बांधावर जायला चालावं लागतं.

चालायचं कुणाला नसतं. ग्रामीण विकासाचे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स यांनी १९८३ मध्येच लिहून ठेवलं होतं की बाहेरून येणारे डांबरी रस्त्याकडेची गावं बघतात, आणि कोरड्या हंगामात बघतात. परभणीत हे डोळे मिटून खरं मानावं. जिंतूर रस्ता, पाथरी रस्ता, गंगाखेड रस्ता, याच रस्त्यांवरची गावं पुन्हा पुन्हा. जिंतूरच्या डोंगरातल्या तांड्यांवर गाडी जात नाही. गेलीच तर गोरमाटी बोलणाऱ्या बायांना पुस्तकी मराठीत ‘सक्षमीकरण’ विचारलं जातं, नायकाचा शिकलेला मुलगा सगळ्यांच्या वतीनं उत्तर देतो आणि अहवालात बारा सहभागी लिहिले जातात. हंगामाचं तर आणखी वाईट. विद्यार्थ्यांचं फिल्डवर्क डिसेंबर ते फेब्रुवारीत असतं, संस्थांची घाई मार्चअखेरची. नेमकी तेव्हा गावातली सगळ्यांत गरीब घरं कुलूपबंद असतात. दिवाळीच्या आसपास गेलेले कोयते पाडव्यानंतर परततात. जे गावात नाहीत त्यांचं मत गावाच्या मतात कसं आलं? आणि अकरा ही वेळ कुणी ठरवली? अकरा वाजता मजुरीची बाई वेचणीला असते, खुरपायला असते. त्या वेळी ओट्यावर येऊ शकते ती रोजानं न जाणारी. मग तिच्या तोंडून ‘ग्रामीण स्त्री’ बोलते.

यानंतर येतो तो तक्ता. आठ गावांत आठ बैठका, प्रत्येकीत बारा जण, म्हणून ‘एकूण उत्तरदाते ९६’ आणि त्यांपैकी अमुक टक्क्यांनी अमुक म्हटलं. असे प्रबंध मी हातात घेऊन वाचले आहेत. हा शुद्ध अडाणीपणा आहे. गटचर्चेत एकक गट असतो. आठ बैठका म्हणजे आठ, शहाण्णव नव्हेत. एकीनं म्हटलं आणि अकरा गप्प बसल्या, तर त्या अकरांना कुठल्या रकान्यात टाकलं? ‘सहमत’च्या. गप्प बसलेल्या बाईला सहमत मोजणं हा तिच्यावर केलेला अन्याय आहे आणि तो करणाऱ्याला पदवी मिळते. जेनी किट्झिंगर या ब्रिटिश संशोधिकेनं १९९४ मध्ये लिहिलं की गटचर्चेवर आधारलेले चाळीसहून अधिक छापील अभ्यास तिनं पाहिले, पण माणसं एकमेकांशी काय बोलली यावर भर देणारा एकही सापडला नाही. त्याच वर्षी मानववंशशास्त्रज्ञ डेव्हिड मॉस यांनी पश्चिम भारतातल्या भिल्ल गावांमधल्या कामावरून दाखवलं की चारचौघांत घेतलेल्या अशा ‘सहभागी’ बैठकांत वजनदारांचं म्हणणं गावाचं म्हणणं बनून वर येतं आणि बायका बाहेर राहतात. म्हणजे तीस वर्षांहून जास्त काळ हे लिहिलेलं आहे. आपल्याकडच्या मार्गदर्शकांनी ते वाचलेलं नसेल तर त्यांनी मार्गदर्शन करू नये. वाचलं असेल आणि तरी सही करत असतील, तर ते अधिक वाईट.

गटचर्चा फेकून द्या असं मी म्हणत नाही. जी गोष्ट मुळातच चारचौघांत घडते ती चारचौघांतच विचारावी. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या पाणीपाळीचा प्रश्न घ्या. मुखाकडचे आणि टेलचे शेतकरी समोरासमोर बसवा. पाच मिनिटांत आवाज चढतील. कोण कुणाला दम देतो, कोण कुणाचा पाट फुटल्याची आठवण काढतो, पाटकऱ्याचं नाव निघालं की दोन्ही बाजू एकदम का गप्प होतात, हे सगळं त्या बैठकीशिवाय कुठंच मिळणार नाही. मजुरीचा दर गावात कसा ठरतो, रेशन दुकानाची तक्रार कुणी करायची, जत्रेची वर्गणी कुणावर किती, असे विषय गटातच उलगडतात. पण मग ते भांडण जसंच्या तसं छापा. बोलणाऱ्याबरोबर गप्प बसलेल्याचीही नोंद करा. गट करताना जमीनवाले आणि बटईवाले वेगळे बसवा, सुना आणि सासवा वेगळ्या बसवा, उधारी देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला एका सतरंजीवर आणू नका. सरपंचाचा ओटा सोडा. जे चारचौघांत बोलता येत नाही, त्यासाठी घरी जा, पुन्हा जा, एकटीशी बोला. आणि जे टिपलं ते त्यांच्याच बोलीत त्यांना वाचून दाखवा. ‘न्हाई, आसं न्हवतं म्हणलं मी’ असं म्हणायचा हक्क त्यांना आहे.

हे ऐकवलं की एकच उत्तर मिळतं: एवढा वेळ नाही, एवढं बजेट नाही. खरं कारणही तेच आहे. बारा जणींकडे बारा वेळा जाण्यापेक्षा बारा जणी एकदा बसवणं स्वस्त पडतं, म्हणून गटचर्चा निवडली जाते आणि प्रबंधात तिला ‘सखोल आकलनासाठी’ असं कारण जोडलं जातं. बजेट मी पाहिलेलं आहे. त्यात गाडीचं भाडं असतं, बॅनर असतो, चहा-बिस्किटं असतात, सूत्रसंचालकाचं मानधन असतं, अहवाल लिहिणाऱ्या सल्लागाराची फी असते. अर्धा दिवस रोज बुडवून येणाऱ्या बाईची मजुरी त्यात नसते. ती मागितली की सांगतात, पैसे दिले तर उत्तरं बिघडतात. पैसे घेऊन त्या सल्लागाराचा अहवाल बिघडतो का, हे मी बैठकीत विचारलं आहे, आणि त्यानंतर त्या कामावर मला बोलावलं गेलं नाही. पुढच्या प्रकल्पाच्या बजेटमध्ये त्या बाईच्या रोजाचा रकाना सगळ्यांत वर हवा, आणि ज्या अर्जात तो नाही तो जिल्हा परिषदेनं आणि विद्यापीठाच्या समितीनं न वाचता परत पाठवावा.